तुम्ही विचारलंत म्हणून: हो, जिवंत माणसांवर लिहिते

"खऱ्या माणसांच्या खोट्या गोष्टी रचताना तुला काहीच वाटत नाही का गं?" वाटतं. पण तुम्हाला वाटतं ते नाही. बेडरूम मी लिहीत नाही, नटांच्या बायकामुलांना आणत नाही, वर ठळक 'काल्पनिक' लिहिलेलं असतं, आणि लॉगिन केल्याशिवाय माझं फॅनफिक, म्हणजे चाहतीने आवडत्या नटावर रचलेली गोष्ट, उघडतसुद्धा नाही. आणि नाशिककरांनी तरी विचारू नये. वसंत कानेटकर आपलेच ना? महर्षी कर्वे गेले १९६२ला, त्यांच्यावरचं कानेटकरांचं नाटक 'हिमालयाची सावली' आलं १९७२ला. नाव नानासाहेब भानू, पण कोण ते सगळ्यांना कळत होतंच की.

हे सगळं मी तोंडपाठ बोलायचे. मग कालिदास नाट्यगृहात प्रयोग सुटल्यावर सेल्फीच्या गर्दीत आमच्या आगाऊ मैत्रिणीने "सर, ही तुमच्यावर लिहिते" म्हणत फोनच उघडून पुढे केला. मेकअप अर्धा पुसलेला, गळ्यात टॉवेल, मागून लोक ढकलतायत आणि माझ्या गोष्टीतला हा नट शांतपणे वाचतोय, अंगठ्याने वर सरकवतोय. मला धास्ती पावसातल्या सीनची. तो आला, त्यावर हसला, पुढे गेला. मग थांबला. "आईला मारलंत?"

हिरोला एकटा पाडायचा होता म्हणून आई गेली. गोष्टीत आया जातातच, मी त्यावर विचारही केला नव्हता.

"गावी असते माझी. बरी आहे," म्हणाला, फोन परत दिला. सेल्फीही दिला, त्यात छान हसतोय.

आधीची मी म्हणते, नाव बदल, विषय संपला. 'आफ्टर' कादंबरी नाही का, वॉटपॅड या गोष्टींच्या साइटवर गायक हॅरी स्टाइल्सवर लिहिलेली, छापताना त्याचा हार्डिन केला, २०१९ला सिनेमाही आला. पण नाव बदलून याने स्वतःची आई ओळखली नसती? आणि कर्वे नाटक बघायला तरी नव्हते, माझा माणूस पुढच्या महिन्यात परत प्रयोगाला येतोय! बरं, त्याच्या घटस्फोटाच्या बातम्या मिसळ खाताना चघळणाऱ्या तुम्हाला कोणी काही विचारत नाही, ते वेगळंच.

आईला जिवंत केलं तर पुढचं सगळं कोसळतं, आणि वाचणाऱ्या पोरी त्याच भागावर सगळ्यात जास्त रडल्यात. डिलीट करणार का? नाही. निदान अजून तरी नाही. पुढचा भाग अर्धा लिहून पडलाय, त्यात तिचं वर्षश्राद्ध आहे.