वैद्यक परिषदेपुढच्या पाच तारखा

महाराष्ट्र वैद्यक परिषदेची नोटीस हातात पडली तेव्हा मी आधी केस पेपर काढला, मग इंडेम्निटी पॉलिसी, म्हणजे पेशंटनं भरपाई मागितली तर उपयोगी पडणारा डॉक्टरांचा विमा. बाळंतपणानंतर रक्तस्राव थांबेना म्हणून गर्भाशय काढावं लागलेल्या पेशंटच्या नवऱ्याची तक्रार होती. आरोप दोन : हलगर्जी, आणि मागूनही उपचारांचे कागद वेळेत न देणं. दुसरा खरा होता. डॉक्टरांच्या वर्तणुकीच्या 2002च्या नियमांप्रमाणे मागितल्यापासून 72 तासांत कागद द्यायचे असतात. मी दिले अकराव्या दिवशी.

वीस वर्षं हप्ता भरत होते, तेव्हा वकिलाचा खर्च विम्यातून निघेल हे मी धरूनच चालले होते. कंपनीनं नकार दिला. माझ्या पॉलिसीत भरपाईचा दावा आणि त्याचा बचावखर्च एवढंच होतं, आणि परिषद भरपाई देववतच नाही. ती ताकीद देते, नाहीतर डॉक्टरांच्या रजिस्टरवरून नाव काढते, काही काळ किंवा कायमचं. ग्राहक आयोगात पैसे मागितले असते तर माझ्या वकिलाची फी कंपनीनं भरली असती. इथे नोंदणीच पणाला लागलेली, तर खर्च माझा. हे मला आजही पटत नाही.

वकील मुंबईचे. लेखी उत्तराचे 60,000, दर तारखेचे 25,000, तारीख पुढे गेली तरी. मिरजेहून रात्रीची महालक्ष्मी, सकाळी दादर, ओपीडी बंद. तीन तारखांनंतर मी त्यांना थांबवलं. डॉक्टरला स्वतः बाजू मांडता येते, तशी पुढच्या दोन तारखांना मी मांडली. रक्तस्राव कधी लक्षात आला, तो थांबवायचं ऑक्सिटोसिन कधी दिलं, रक्तपेढीला फोन कधी केला, रक्त कधी आलं, या सगळ्या वेळा आमच्या सिस्टरनं त्या धावपळीतही लिहून ठेवल्या होत्या. मला तारलं त्या पानानं.

शेवटच्या तारखेला बाहेरच्या बाकावर पेशंटचा नवराही एकटाच बसला होता.

"मॅडम, तुमचे वकील?"

"परवडले नाहीत."

"आमचेही." थोड्या वेळानं म्हणाला, "कागद तेव्हाच दिले असते ना, तर मी इथवर आलो नसतो."

हलगर्जी सिद्ध झाली नाही. उशिराबद्दल ताकीद मिळाली, ती मी स्वीकारली. फीचे 1,35,000 आणि प्रवासखर्च मात्र गेला तो गेलाच. नूतनीकरणाच्या वेळी परिषदेपुढच्या बचावाचा खर्च पॉलिसीत लिहून घेतला. आता डिस्चार्जच्याच दिवशी केस पेपरची पूर्ण झेरॉक्स देते आणि पोच घेते.