दोन प्रती, एकच क्रमांक

ध्वनिसंग्रहात आलेल्या रेकॉर्डी धुवायच्या, नोंदवायच्या आणि त्यांचं डिजिटल मुद्रण करायचं, हे माझं काम. एकाच एलपीच्या दोन प्रती आल्या तर कोणती वाजवायची, हेही मीच ठरवते.

त्या दिवशी अशाच दोन प्रती टेबलावर होत्या. जुनं मोनो मुद्रण, एक गायिका आणि पियानो. कव्हर तेच, लेबल तेच, कॅटलॉग क्रमांकही तोच. एक प्रत आरशासारखी लखलखीत. दुसरीचं कव्हर कडेला उसवलेलं, तबकडीवर बारीक चऱ्यांचं जाळं. दोन्ही वाजवून पाहिल्या. लखलखीत प्रतीचा आवाज भरदार, समोर येणारा. दुसरीत सतत खसखस, आणि गाणं जरा मागे उभं असल्यासारखं. मी नोंदवहीत पहिलीपुढे खूण केली.

आमचे सर मागून म्हणाले, "पातळी जुळवलीस का?"

नव्हती जुळवली. जो आवाज थोडा मोठा, तो कानाला चांगला वाटतो. तुलना करताना हा फसवा भाग आधी काढून टाकावा लागतो. मोजलं तर लखलखीत प्रत सुमारे अडीच डेसिबलने मोठी भरली. तेवढी कमी केली आणि पुन्हा पहिल्यापासून ऐकलं.

आता तिच्यातला दाबलेपणा कळला. हलक्या आणि जोरकस जागांमधलं अंतरच उरलं नव्हतं. फाटक्या प्रतीत मात्र ओळ उचलण्याआधी गायिकेने घेतलेला श्वास स्वच्छ होता. बाजूच्या शेवटी पियानोचा एक स्वर लांबवर विरत जातो, तो खसखशीच्या आडूनही पुरता ऐकू येत होता; लखलखीत प्रतीत तोच स्वर टेपच्या सूंऽऽ अशा आवाजात अर्ध्यावर बुडाला. खरं तर ती जागा रेकॉर्डसाठी सगळ्यात अवघड. बाहेरच्या कडेला खोबणी सुईखालून सेकंदाला ५० सेंटीमीटरच्या आसपास धावते, लेबलजवळ जेमतेम २०–२१. तेवढ्या कमी लांबीत तोच तपशील कोरायचा असतो.

मग भिंग घेऊन, दिवा तिरपा धरून लेबलाभोवतीची कोरी पट्टी वाचली. तिथे मॅट्रिक्स क्रमांक, म्हणजे ती बाजू कोणत्या कापणीची ते सांगणारा क्रमांक, असतो. लखलखीत प्रतीत त्याच्या शेवटी ३, फाटक्या प्रतीत १. म्हणजे एकाच कॅटलॉग क्रमांकाखाली या दोन वेगवेगळ्या कापण्या; दोन्ही वेळी टेपवरून खोबणी नव्याने कोरलेली. वाढलेल्या सूं आवाजावरून आम्हा दोघांनाही वाटलं, की तिसरी कापणी मूळ टेपच्या नकलेवरून झाली असावी.

पण १ दिसला म्हणून लगेच हुरळून जाऊ नये. कापलेल्या लॅकरवर, म्हणजे खोबणी कोरलेल्या मूळ मऊ तबकडीवर, चांदीचा पातळ थर, त्यावर निकेल चढवून 'फादर', त्यापासून 'मदर', तिच्यापासून स्टॅम्पर, म्हणजे रेकॉर्डी दाबून काढायचा साचा, अशी ही वंशावळ. स्टॅम्पर दाबून दाबून झिजतो, मग नवा लागतो; म्हणून पहिल्या कापणीची प्रतही झिजलेल्या स्टॅम्परची असू शकते. ब्रिटनमधल्या ईएमआय कंपनीच्या जुन्या रेकॉर्डींवर स्टॅम्परचा क्रमांकही अक्षरांत सापडतो. इंग्रजीतल्या 'ग्रामोफ एलटीडी'ची दहा अक्षरं म्हणजे ओळीने १ ते ९ आणि शेवटी ०: जी म्हणजे पहिला स्टॅम्पर, आर दुसरा, ए तिसरा. अशी खूण वाचताना मला अजूनही शहारा येतो. कारखान्यातल्या कुणीतरी हाताने ठोकलेलं ते अक्षर असतं.

राहिली खसखस. मोनो म्हणून मी १ मिलची, म्हणजे सुमारे २५ मायक्रॉनची, सुई लावली होती. सर म्हणाले, "याच जाडीच्या सुयांनी ही वर्षानुवर्षं घासली गेलीय. तू बारीक लावून बघ, ती खाली बसेल." रेकॉर्ड पुन्हा धुतली, कारण खोबणीच्या तळाशी धूळ साचते, आणि ०.७ मिलची सुई लावली. ती झिजलेल्या पट्ट्याच्या खाली, भिंतीच्या न घासलेल्या भागावर टेकली. चऱ्यांचे टकटक आवाज राहिले. खसखस मात्र निम्म्याहून कमी झाली आणि गायिका दोन पावलं पुढे आली. आम्ही दोघंही बाजू संपेपर्यंत काही बोललो नाही.

नोंदवहीतली खूण खोडून मी दुसऱ्या प्रतीपुढे केली. शेऱ्यात मॅट्रिक्स क्रमांक, सुईची जाडी आणि पातळीतला फरक लिहिला. लखलखीत प्रतही तिच्या शेजारीच ठेवली आहे, तिसरी कापणी म्हणून, वेगळ्या नोंदीसह.