तुम्ही विचारलंत म्हणून: मी नन्सच्या कामाला पैसे का देते?

दर महिन्याला माझ्या खात्यातून २० पौंड ऑक्सफर्डमधल्या अँग्लिकन, म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडच्या, नन्सनी सुरू केलेल्या सेवाकार्याला जातात, हे कळले की ओळखीचे लोक हमखास दोन गोष्टी विचारतात. तुम्ही ख्रिस्ती नाही, मग हे कशासाठी? आणि नन्सचा खर्च चर्च करत नाही का?

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे. चर्च ऑफ इंग्लंड श्रीमंत आहे, म्हणून तिथल्या नन्सही सुखवस्तू असतील, असा समज असतो. परंतु नन्सच्या अँग्लिकन संप्रदायांना आपला चरितार्थ बहुतांशी स्वतःच चालवावा लागतो. सिस्टरांची निवृत्तिवेतने सामाईक खात्यात जमा होतात, कुणी मृत्युपत्रात काही ठेवून जाते आणि उरलेला भार देणगीदारांवर पडतो. आता तर सिस्टर मोजक्याच उरल्या आहेत, त्यांतही बहुतेक वृद्ध.

ज्या संप्रदायाविषयी मी बोलते आहे, तो हॅरिएट ब्राउनलो बायरन यांनी १८५१ मध्ये लंडनला स्थापन केला: ऑल सेंट्स सिस्टर्स ऑफ द पुअर. रुग्णसेवा हे त्याचे जुने काम, आणि त्यातूनच मला पटलेली गोष्ट घडली. १९७८ मध्ये हेलन नावाच्या एका लहान मुलीच्या मेंदूतली गाठ काढली गेली. त्यानंतर ती सर्वस्वी परावलंबी झाली आणि आईवडिलांनी तिला घरी नेले. मठप्रमुख मदर फ्रान्सेस डॉमिनिका स्वतः प्रशिक्षित परिचारिका होत्या. त्यांची या कुटुंबाशी मैत्री झाली आणि आईवडिलांना विसावा मिळावा म्हणून त्या हेलनला अधूनमधून काही दिवस मठात आणून ठेवू लागल्या. त्यात ना योजना होती, ना समिती. दमलेल्या आईला चार रात्री झोप मिळावी, एवढाच हेतू होता. पुढे १९८२ मध्ये मठाच्याच बागेत आठ मुलांची सोय असलेले हेलन हाऊस उभे राहिले. बरे न होणाऱ्या मुलांसाठीचे ते जगातले पहिले हॉस्पिस, म्हणजे शुश्रूषागृह, मानले जाते, आणि आज त्याचा कारभार स्वतंत्र संस्था पाहते.

आता पहिला प्रश्न. मदतीच्या आडून धर्मांतर तर होत नाही ना, ही त्यामागची शंका मला निराधार वाटत नाही. पंडिता रमाबाईंना १८८३ मध्ये इंग्लंडमधल्या वाँटेज इथे अशाच दुसऱ्या एका अँग्लिकन संप्रदायाच्या मठात आश्रय मिळाला आणि त्याच वर्षी त्यांनी बाप्तिस्मा घेतला. मात्र त्यानंतर तिथल्याच नन सिस्टर जेराल्डिन यांच्याशी त्यांनी पत्रांतून घातलेले वाद वाचले, तर ही बाई कुणाच्या सांगण्यावरून मान डोलावणारी नव्हती, हेही लगेच कळते. माझी कसोटी सोपी आहे: दाराशी आलेल्या माणसाला धर्म विचारून मदत केली जात असेल, तर एक पेनीही द्यायची नाही. हेलन हाऊसचे दार सर्व धर्मांच्या आणि कोणताही धर्म न मानणाऱ्या कुटुंबांना उघडे आहे.

द्यायचे ठरलेच, तर कसे द्यावे यालाही महत्त्व आहे. ब्रिटनमध्ये कर भरत असाल, तर गिफ्ट एडच्या फॉर्मवर सही करावी. मग तुमच्या २० पौंडांवर संस्थेला सरकारकडून आणखी ५ पौंड मिळतात. मात्र तेवढा कर आपण भरलेला नसेल, तर फरक आपल्याच खिशातून जातो, म्हणून सही करण्यापूर्वी हिशेब पाहावा. दुसरे म्हणजे, ‘फक्त खेळण्यांसाठी’ अशी अट घालू नये. अट घातलेला पैसा कायद्याने त्याच कामाला वापरावा लागतो. खेळण्यांनी कपाट भरते आणि रात्रपाळीच्या नर्सचा पगार, बॉयलरची दुरुस्ती, विम्याचा हप्ता यांसाठी तिजोरी रिकामीच राहते. (मीही सुरुवातीला हौसेने अशी अट घातली होती.)

एकदा मी चेक पोस्टाने न पाठवता पाकिटात घालून स्वतःच नेऊन दिला. समोर बसलेल्या वृद्ध सिस्टर आलेल्या पाकिटांवरची तिकिटे भोवती बोटभर कागद ठेवून कापत होत्या; वापरलेली तिकिटेही विकली जातात आणि तेवढीच चार नाणी कामाला येतात. माझे कोरे पाकीट त्यांनी उलटसुलट करून पाहिले, मनापासून आभार मानले आणि म्हणाल्या, "पुढच्या वेळी पोस्टानेच पाठवा, आणि तिकीट चित्राचे लावा."