कागदी कार्डे आणि पाच मिनिटांचा गोंगाट

सरळ वर फेकलेला चेंडू सर्वोच्च बिंदूला पोहोचतो त्या क्षणी त्याचे त्वरण, म्हणजे वेग बदलण्याचा दर, किती असतो, हा प्रश्न मी एफ.वाय.बी.एस्सी.च्या वर्गात कित्येक वर्षे तोंडी विचारत आले. पहिल्या बाकांवरून अचूक उत्तर येई आणि वर्गाला कळले असे समजून मी फळा पुसत असे. प्रत्येकाचे उत्तर ज्या दिवशी प्रथम दिसले, त्या दिवशी निम्म्याहून अधिक मुलांनी ‘शून्य’ हा चुकीचा पर्याय निवडला होता, आणि ते पाहून मला मनापासून वाईट वाटले.

आधी मी मुलांच्या मोबाइलवरून मतदान घेऊन पाहिले होते. पण आमच्या हॉलमध्ये रेंज जाते, काहींचा नेटपॅक संपलेला असतो, आणि ज्यांच्याकडे फोनच नाही ती मुले खाली मान घालून बसतात. म्हणून आता मी प्लिकर्सची कागदी कार्डे वापरते. प्रत्येक कार्डावर वेगळी काळी-पांढरी चौकोनी आकृती असते. जे उत्तर द्यायचे त्या अक्षराची बाजू वर करून कार्ड धरायचे आणि मी माझ्या फोनचा कॅमेरा वर्गावरून फिरवायचा, की फोनमधले प्लिकर्सचे अ‍ॅप प्रत्येकाचे उत्तर टिपते. अक्षरे बारीक असल्यामुळे शेजाऱ्याचे उत्तर सहज दिसत नाही.

मात्र खरे काम त्यानंतर सुरू होते. हार्वर्डमधील भौतिकशास्त्रज्ञ एरिक मझूर यांनी १९९१ पासून रुजवलेल्या पद्धतीत विद्यार्थी आधी एकट्याने उत्तर देतात, मग शेजाऱ्याशी चर्चा करतात आणि पुन्हा मत नोंदवतात. बरोबर उत्तरे साधारण ३० ते ७० टक्क्यांच्या दरम्यान असतील तेव्हा ही चर्चा सर्वाधिक उपयोगी पडते. त्या दिवशी मागच्या बाकावरची एक मुलगी मैत्रिणीला म्हणाली, “वेगही शून्य आणि त्वरणही शून्य, तर चेंडू वरच लटकून राहील ना गं?” वेग शून्य असला तरी तो बदलत असतो, हे मला इतक्या थोडक्यात कधी सांगता आले नव्हते.

या उत्तरांना मी गुण देत नाही, कारण गुण आले की मुले विचार करण्याऐवजी हुशार मुलाचे कार्ड शोधू लागतात. माझा सर्वाधिक वेळ चुकीचे पर्याय लिहिण्यात जातो. ते मी जुन्या उत्तरपत्रिकांतून वेचते, आणि सध्या घर्षणाचे पर्याय जमवते आहे.