शेनिन ब्लाँ : यंदाच्या हिवाळ्याची नोंद

गेल्या हिवाळ्यात सोव्हिन्याँ ब्लाँ या पांढऱ्या वाइनची चाखणी झाली. यंदा आमच्या इंदूरच्या वाइन चाखणाऱ्या मंडळींनी फक्त शेनिन ब्लाँ घ्यायची ठरवली; हे पांढऱ्या वाइनचं द्राक्ष, आणि त्याच्या वाइनचंही नाव तेच. नाशिक आग्रा-मुंबई रस्त्यावरच, त्यामुळे तिथल्या बाटल्या मिळायला अडचण नाही. नाशिकच्या सुला या वाइन कंपनीच्या २००० सालच्या पहिल्यावहिल्या वाइन्समध्येही शेनिन होतीच.

या द्राक्षाचा जीव त्याच्या आंबटपणात आहे. फळ पिकून गोड झालं तरी आंबटपणा टिकतो, म्हणून एकाच द्राक्षाची कोरडी (म्हणजे गोडी नसलेली), अर्धगोड, मधासारखी दाट गोड आणि फसफसणारी, अशी सगळी वाइन होते. फ्रान्समध्ये ल्वार नदीकाठच्या वुव्रे गावात हे सगळे प्रकार करतात. नाशिकची गोष्ट निराळी. तिथं एप्रिलात नव्या फांद्यांसाठी खरड छाटणी, पावसाळा सरता सरता फळासाठी गोडी छाटणी, आणि तोडणी जानेवारी ते मार्चमध्ये. रात्री थंड असतात, त्याच आंबटपणा सांभाळतात.

आता चवीकडे. फ्रिजमधून काढल्या काढल्या ग्लासात ओतली तर वास जवळजवळ येतच नाही, नुसता धारदार आंबटपणा लागतो. म्हणून बाटली टेबलावर ठेवून थोड्या थोड्या वेळानं चाखत गेलो. दहा अंशांच्या आसपास पेरू आणि अननस उघडले, आणखी थोडा गारवा गेल्यावर मागून मध आला. त्यापुढे मात्र गोडी अंगावर येते. नाशिकच्या बऱ्याच शेनिनमध्ये किंचित साखर ठेवलेली असते, हे तेव्हा स्पष्ट कळतं. नोंदवहीत माझी खूण दहा ते बारा अंशांवर आहे. मित्रानं फ्रान्सहून आणलेली कोरडी वुव्रे याच तापमानाला अगदी वेगळी निघाली: हिरवं सफरचंद, कॅमोमाइल आणि ओल्या लोकरीचा वास. हा लोकरीचा वास काहींना खटकतो. मला तो फार आवडतो, शेनिनची ओळख पटते ती त्यातूनच.

खाण्याबरोबरची सगळ्यात सुंदर जोडी भुट्ट्याच्या कीसाची. मक्याची आणि दुधाची गोडी, हिरव्या मिरचीचा तिखटपणा, वर लिंबू. किंचित गोड शेनिन मिरचीला शांत करते आणि तिचा आंबटपणा दुधाचा जडपणा कापतो. सराफ्यातून, म्हणजे इंदूरच्या रात्रीच्या खाऊबाजारातून, बांधून आणलेल्या गराडूवर (तळलेल्या कंदावर) जिरावण हा इंदुरी मसाला असतो, तिथं मात्र कोरडीच हवी. गोड वाइनपुढे तो मसाला कडवट लागला.

एक बाटली मुरवायला ठेवायची इच्छा आहे. चांगली वुव्रे कित्येक दशकं टिकते, पण तिथल्या चुनखडीच्या तळघरांत बारा अंशांच्या जवळपास थंडावा असतो आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो. वाइनचा वेगळा फ्रिज घेतल्याशिवाय तो बेत करणार नाही. तोवर दक्षिण आफ्रिकेची शेनिन, जिला तिथं स्टीन म्हणतात, नाशिकच्या बाटलीशेजारी नाव झाकून चाखायची आहे. कुणी ही तुलना केली असेल तर तापमान आणि खाणं काय होतं तेही जरूर लिहा.