फिनलंडमधली कमरेची सुरी

फिनलंडहून सुट्टीला कोल्हापूरला गेलो की थंडीच्या खालोखाल मला विचारला जाणारा प्रश्न सुरीचा असतो. तिकडची माणसे कमरेला सुरी लावून हिंडतात आणि पोलीस त्यांना काही म्हणत नाहीत, हे खरे आहे का, असे मंगळवार पेठेतील आमची थोरली मंडळी मोठ्या कुतूहलाने विचारतात. हे निम्मेच खरे आहे, आणि उरलेले निम्मे सांगितल्याशिवाय या देशाचा सुरीशी असलेला संबंध कळत नाही.

या सुरीला येथे पुक्को म्हणतात. पाते सरळ, साधारण ९ ते १० सेंटीमीटर लांब आणि एकाच बाजूला धार असलेले. पात्याच्या मागची निमुळती दांडी लाकडी मुठीत खोलवर बसवलेली असते आणि बोटे पुढे घसरू नयेत म्हणून आपल्या तलवारीला असते तशी आडवी पट्टी तिला बहुधा नसते. कारण हे भोसकण्याचे हत्यार नसून तासण्याचे, सोलण्याचे अवजार आहे. धारेचा उतार दोन्ही अंगांनी सपाट आणि रुंद असल्यामुळे तो उतारच दगडावर टेकवून घासला की धारेचा कोन आपोआप साधतो, आणि नवशिक्यालाही बऱ्यापैकी धार लावता येते. मूठ गुंतागुंतीच्या रेषा असलेल्या बर्चच्या लाकडाची, रेनडिअरच्या शिंगाची किंवा बर्चच्या सालीच्या चकत्या एकावर एक दाबून केलेली असते. ही सालीची मूठ मला सर्वांत आवडते, कारण कडाक्याच्या हिवाळ्यात ती हाताला गार लागत नाही आणि ओल्या हातातूनही निसटत नाही. चामड्याचे म्यान मुठीचाही बराच भाग आत घेते, त्यामुळे वाकले, पळले तरी सुरी बाहेर पडत नाही.

कामे म्हणाल तर रोजचीच. सौनाच्या, म्हणजे येथील गरम वाफेच्या स्नानघराच्या, चुलीसाठी लाकडाच्या बारीक ढलप्या काढायच्या, ती पेटवायला बर्चची साल सोलायची, तळ्यात पकडलेला मासा साफ करायचा, पावसाळी जंगलात अळंबी खुडून तेथल्या तेथे तिची माती खरवडायची. जंगलातील फळे आणि अळंबी गोळा करण्याचा हक्क येथे परक्या देशातून आलेल्या माणसालाही आहे, त्यामुळे ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये माझ्याही कमरेला पुक्को असतो. उत्तरेकडील सामी या मूलनिवासी लोकांकडे याची थोरली बहीण म्हणावी अशी लेउकू नावाची जड, लांब सुरी असते; तिने फांद्या तोडतात, हाडे फोडतात, आणि बारीक कामासाठी शेजारी लहान सुरी वेगळी लावतात. रेनडिअरच्या पिलांच्या कानांवर मालकाची खूण कापली जाते तीही लहान सुरीनेच.

मला अधिक महत्त्वाचे वाटते ते शाळेचे. १८६६ साली निघालेल्या लोकशाळांविषयीच्या फर्मानाने हस्तव्यवसाय हा विषय येथील शिक्षणात आला आणि तो आजही अभ्यासक्रमात आहे. मुलांच्या हातात लाकूड आणि धारदार अवजार लहानपणीच येते. कापताना दुसरा हात कोठे ठेवायचा, सुरी दुसऱ्याला देताना मूठ कोणाकडे करायची, काम संपले की ती म्यानात कधी घालायची, हे सारे मोठी माणसे शेजारी उभे राहून शिकवतात. आपल्याकडेही आई मुलीला विळीवर बसायला शिकवत असे, पण मुलाला शिकवत नसे, आणि आता तर विळीच ओट्याखाली गेली आहे. (विद्वत्तेचाही धारेशी येथे संबंध आहे: डॉक्टरेटच्या समारंभात पदवीधराला उंच टोपीबरोबर तलवारही धारण करता येते. शिवाजी विद्यापीठात असे झाले असते तर कोल्हापुरात पीएच.डी. करणाऱ्यांची रांग लागली असती.)

आता राहिलेले निम्मे. २००३ च्या सार्वजनिक सुव्यवस्थेच्या कायद्यानुसार रस्त्यावर, बाजारात, बसमध्ये धारदार वस्तू जवळ बाळगण्यास मनाई आहे. कामासाठी किंवा अन्य पटण्यासारख्या कारणासाठी ती जवळ असेल तरच हरकत नसते. जंगलातून परतणारा माणूस म्हणूनच सुरी कमरेवरून काढून पिशवीच्या तळाशी ठेवतो. आपल्या शस्त्र नियमांनी ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याच्या सुऱ्यांना शस्त्रांच्या यादीत घातले आहे आणि घरगुती व शेतीच्या अवजारांना त्यातून वगळले आहे. शिवाय सणावारांच्या, निवडणुकांच्या काळात मनाई आदेश निघतात ते वेगळेच. दोन्हीकडे प्रश्न एकच विचारला जातो, तो म्हणजे ही वस्तू येथे कशासाठी. फिनलंडमध्ये तो इंचांच्या आधी विचारला जातो, आणि मला तीच रीत अधिक शहाणपणाची वाटते.

हे शहाणपण फुकट आलेले नाही. एकोणिसाव्या शतकात पश्चिमेकडील ऑस्ट्रोबोथ्निया भागात सुऱ्या घेऊन लग्नघरांत धिंगाणा घालणाऱ्या, खून पाडणाऱ्या टोळ्यांनी लोकांना जेरीस आणले होते. आपल्याकडे ऊसतोडणी कामगाराच्या हातातील कोयत्याचे नाव अलीकडे गुन्हेगारी टोळ्यांमुळे जसे बदनाम झाले, तसेच तेव्हा पुक्कोचे झाले होते. त्याच भागातील कौहावा हे गाव पुढे सुऱ्यांच्या कारखानदारीसाठी प्रसिद्ध झाले. पितळी टोकाचे म्यान आणि घोड्याच्या डोक्याच्या आकाराची मूठ ही तेथील खूण आहे.

माझा संग्रह लहान आहे आणि तो काचेच्या कपाटात नाही. कौहावाची घोडामुखी सुरी देखणी असली तरी हातात टोचते, म्हणून ती भिंतीवरच राहिली. रोव्हानिएमी येथे १९२८ मध्ये सुरू झालेल्या मार्तीनी कारखान्याची साधी सुरी मात्र रोज वापरात आहे. त्यांच्या शेजारी कोल्हापुरातील पापाची तिकटी या चौकाजवळून घेतलेली चांभाराची रापी आणि आजीचा पितळी अडकित्ता आहे. नुसत्या जमवण्याच्या छंदाचे मला फारसे कौतुक नाही. धार न लावलेली सुरी म्हणजे लोखंडाची पट्टी. खंडेनवमीला मी या साऱ्यांना पुसून हळदकुंकू वाहतो, आणि शेजारचा फिनिश गृहस्थ आपली सुरीही पूजेला आणून ठेवतो.

कोणाला येथून पुक्को मागवायचा असेल तर दोन गोष्टी सांगतो. विमानात ती हातातील सामानात चालत नाही, पोटातील सामानात नीट गुंडाळून द्यावी लागते. आणि गंजणाऱ्या पोलादाची असेल तर कोल्हापूरच्या आषाढ-श्रावणात ती चामड्याच्या म्यानात ठेवू नका, कारण चामडे ओल धरते. पात्याला खोबरेल तेलाचा हात फिरवून कोरड्या फडक्यात गुंडाळा आणि महिन्याभराने एकदा उघडून पाहा.