कलेक्टरांचा आदेश हातात, तरी जन्मदाखला अडला

दत्तक घेतलेल्या लेकीला घरी आणून आठ महिने झाले, तरी नगरपालिकेतला तो लोखंडी बाक आठवला की माझं डोकं आजही तापतं.

आम्ही न्यू जर्सीत राहतो, दोघंही अमेरिकन नागरिक, ओसीआय कार्डवाले (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांचं कार्ड). 'कारा'कडे (दत्तकाचं काम पाहणारी भारत सरकारची संस्था) नोंदणी, गृहभेटीचा अहवाल, अपोस्टिल (कागद परदेशात चालावा म्हणूनचा शिक्का), तिकडच्या इमिग्रेशनचा आय-८००ए (परदेशातून मूल दत्तक घ्यायला आम्ही पात्र आहोत, या मंजुरीचा अर्ज), आणि मग साडेतीन वर्षं वाट. कागदांचं बरंचसं एजन्सीने सांभाळलं. मुलगी मिळाली ती मध्य प्रदेशातल्या एका शिशुगृहातली, सव्वादोन वर्षांची. 'कारा'ची एनओसी (ना हरकत) आल्यावर दत्तकपूर्व संगोपनासाठी ती आमच्याकडे आली आणि सात आठवड्यांत जिल्हाधिकाऱ्यांचा दत्तकाचा आदेशही झाला. नवरा नोकरीवर परतला. मी म्हटलं, आता पंधरा दिवसांत आम्ही दोघी विमानात.

पासपोर्टला जन्मदाखला लागतो आणि त्यावर आईवडील म्हणून आमची नावं लागतात. शिशुगृहाच्या ताईंना घेऊन मी अर्ज द्यायला गेले. खिडकीतल्या बाबूंनी आदेश उलटसुलट पाहिला आणि परत सरकवला. "कोर्ट का ऑर्डर लाइए."

बाल न्याय कायदा २०२१ साली बदलला. १ सप्टेंबर २०२२ पासून दत्तकाचा आदेश कोर्टाऐवजी जिल्हा दंडाधिकारी, म्हणजे कलेक्टरच, देतात. माझ्या नागपुरी हिंदीत मी हे तीनदा सांगितलं. उत्तर आलं, "मॅडम, कलेक्टर का ऑर्डर तो जमीन का होता है."

दुसऱ्या फेरीला साहेब दौऱ्यावर. तिसऱ्या फेरीला नवीनच प्रश्न: मूळ जन्मनोंद कुठे आहे? अहो, सोडून दिलेल्या लेकराची मूळ नोंद कोण करून ठेवतं? तिची जन्मतारीख डॉक्टरांनी अंदाजाने ठरवलेली, तीच बाल कल्याण समितीच्या कागदावर. (तिची बाकीची हकीकत तिची आहे, ती मी इथे लिहिणार नाही.) चौथ्या फेरीला माझ्या मांडीवरून वाकून तिने शिक्क्याच्या पॅडमध्ये बोट बुडवलं आणि अर्जावर टेकवलं. जांभळा ठसा, तांदळाच्या दाण्याएवढा. बाबू म्हणाले, फॉर्म खराब झाला, नवीन भरून आणा. मी भरला. रडू आलं होतं, पण तिच्यासमोर रडले नाही. तो खराब झालेला फॉर्म मी जपून ठेवलाय.

अशा सात फेऱ्या, १९ दिवस. लॉजची खोली, इंडक्शनवर तिचा मऊ भात, आणि रात्री नवऱ्याचा फोन, "झालं का?"

शेवटी मार्ग दाखवला जिल्हा बाल संरक्षण अधिकारी बाईंनी. त्यांनी बाल न्याय कायद्याच्या सुधारित कलम ६१ चा (दत्तकाचा आदेश कलेक्टरांनी द्यायचा, हे सांगणारं) उल्लेख करून नगरपालिकेला पत्र दिलं आणि माझ्यासमोर फोनही लावला. चौथ्या दिवशी दाखला हातात! म्हणून सांगते, हे पत्र पहिल्या फेरीलाच सोबत न्या. सुधारित कायद्याची प्रत काढा, कलमाखाली पेनाने रेघ मारा. तोंडी सांगून काही होत नाही, कागदासमोर कागदच ठेवावा लागतो. आदेशाच्या प्रमाणित प्रती पाच तरी घ्या. आम्ही दोनच घेतल्या होत्या, त्यातली एक फाइलमध्ये गेली ती गेलीच.

आधी सांगायला हवं होतं ते आत्ता आठवलं: आय-८००ए ची मंजुरी १५ महिन्यांचीच असते आणि वाट त्याहून कितीतरी लांब. मुदत संपायच्या आत वाढवून घ्या. आणि आदेश टाइप होताना दोघांचे पासपोर्ट समोर धरून एकेक अक्षर तपासा. आपल्याकडे मधलं नाव वडिलांचं किंवा नवऱ्याचं, ते एका कागदावर असतं, दुसऱ्यावर नसतं, आणि पुढे तिथेच अडकतं.

दाखल्यानंतरचं सगळं भराभर झालं. पासपोर्ट, 'कारा'चं अनुरूपता प्रमाणपत्र (दत्तक आंतरराष्ट्रीय करारानुसार झालं, असं सांगणारं), दिल्लीला व्हिसासाठीचं मेडिकल आणि आयएच-३ व्हिसा (भारतातच दत्तक पूर्ण झालेल्या मुलांचा अमेरिकी व्हिसा). या व्हिसावर मूल तिकडे उतरलं की नागरिक होतं, वेगळा अर्ज लागत नाही.

अजून एक. शिशुगृहातून निघताना लसीकरणाचं मूळ कार्ड मागून घ्या, मेडिकलला दाखवावं लागतं. आणि तिथल्या मावशींजवळ दहा मिनिटं बसा. ती कशी झोपते, काय खाते, कशाला घाबरते, सगळं लिहून घ्या. मी कागदांच्या घाईत विचारलंच नाही. वाटी स्वतःच्या हातात दिली तरच ती जेवते, हे कळायला मला चार दिवस लागले.